टिळकांचा 'देवाचा दरबार'

नाताळ आला की आम्हांस रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. १८९३ साली आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने दिलेला 'नवा करार' वाचून त्यांचे मन ख्रिस्ताकडे वळले. दीक्षेस मात्र १८९५ उजाडले. जातिबहिष्काराचे भय होतेच, त्याहून मोठे भय पत्नी लक्ष्मीबाई व दत्तू दुरावण्याचे. तसेच झाले, संसार पुन्हा जुळण्यास कित्येक वर्षे लागली. तरी टिळक गप्प राहिले नाहीत. सांगलीजवळ मिरजेत डॉ. वान्लेस रुग्णसेवेतून ख्रिस्त सांगत होते. टिळकांनी अभंग-कीर्तन हाती घेतले. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण आलो, असे ते म्हणत! १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. स्वतः सोसलेले भय आठवूनच की काय, बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यांनी तेथे आसन दिले.