कोण खेळणार हे ठाऊक नसताना काढलेलं तिकीट

२०१७ साली रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर फिफाच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. मराठवाड्यातल्या भोकरहून नंदीग्राम एक्सप्रेसनं आदल्या दिवशी निघायचं, तर बर्थ जूनच्या शेवटच्या आठवड्यातच मिळवायला हवा होता. गंमत बघा, कोणता संघ कोणत्या गटात हे ठरवणारी सोडत मुंबईत निघाली ती ७ जुलैला. म्हणजे भोकरच्या माणसाचा डबा आणि बर्थ आधी पक्का होत होता, आणि त्याला जो सामना बघायचा होता त्यातले संघ अजून गटातसुद्धा पडलेले नव्हते!

मला या स्पर्धांमधली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. मैदान ठरलेलं, तारीख ठरलेली, तुमची रांग आणि खुर्चीही ठरलेली. फक्त खेळणारे कोण, ते ठरायचं बाकी. वेळापत्रकात संघांच्या नावांच्या जागी नुसतं 'अमुक सामन्याचा विजेता' असं लिहिलेलं असतं आणि लोक त्यावर विश्वास ठेवून पैसे भरतात.

त्या उपांत्य सामन्याची नावं शेवटी कशी भरली गेली? २१ ऑक्टोबरला गुवाहाटीत मालीनं घानाला हरवलं. दुसऱ्या दिवशी कोचीत स्पेननं इराणला हरवलं. एक संघ ईशान्येकडून, दुसरा दक्षिणेच्या टोकाकडून, आणि दोघांची गाठ पडली नेरूळला. जोडी पूर्ण झाली तेव्हा सामन्याला तीनच दिवस उरले होते. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ तारखेला होतं, भाऊबीज २१ ला. दिवाळीला गावी आलेला मराठवाडा त्याच दिवसांत पुण्या-मुंबईला परत निघतो. त्या गर्दीत ऐनवेळी आरक्षण शोधणाऱ्याची काय अवस्था झाली असती, हे चार्ट निघेपर्यंत वेटिंगचा नंबर बघत बसलेल्या कुणालाही सांगायला नको. ज्यानं जूनमध्येच तिकीट काढलं, त्याला मात्र कल्याणला उतरून लोकलनं ठाणं गाठायचं आणि तिथून ट्रान्स-हार्बरनं नेरूळ, एवढंच काम होतं. स्पेन ३-१ नं जिंकलं.

दुसऱ्या उपांत्य सामन्याची गोष्ट उलटी. ब्राझील-इंग्लंड हा सामना गुवाहाटीत व्हायचा होता. पावसानं मैदानाची दुर्दशा झाली आणि २३ ऑक्टोबरला, अवघे दोन दिवस आधी, तो कोलकात्याला हलवला गेला. गुवाहाटीच्या तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण तिथवर जायचं आरक्षण आणि राहायची सोय यांचं काय? मैदान कधीच हलत नाही असं नाही. तरीही माझं मत आहे की संघाच्या मागे धावून प्रवास आखण्यापेक्षा एक शहर धरून आखावा. सामना हलणं हा अपवाद असतो, संघ हरून घरी जाणं हे तर रोजचंच.

२०२६ च्या मोठ्या विश्वचषकात हे कोडं आणखी मोठं झालं आहे. ४८ संघ, १०४ सामने, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून १६ शहरं. चार-चार संघांचे बारा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बारा संघांपैकी सर्वांत चांगले आठ. आता बारांतून आठ किती प्रकारे निवडता येतात? ४९५. त्या प्रत्येक शक्यतेसाठी कोणता तिसरा संघ कोणाशी भिडणार, याचा तक्ता नियमावलीत आधीच छापलेला आहे. ४९५ ओळी, त्यांतली खरी ठरणार एकच! बोस्टनजवळच्या ७४ व्या सामन्याचं तिकीट घ्या. एका बाजूला ई गटातला पहिला. दुसऱ्या बाजूला ए, बी, सी, डी किंवा एफ, यांपैकी कुठल्यातरी गटातला तिसरा. गटसाखळी संपते २७ जूनला आणि हा सामना २९ ला.

तिकीट मिळवण्याची एक तऱ्हा मात्र मला मनापासून आवडली. तत्काळला सकाळी दहाच्या ठोक्याला ज्याचं नेट पळतं त्याचं तिकीट निघतं. फिफाच्या सोडतीच्या टप्प्यात तसं नसतं. मुदतीत पहिल्या मिनिटाला अर्ज करा की शेवटच्या दिवशी, संधी सारखीच. भोकरमध्ये रेंज शोधत गच्चीवर गेलेला मुलगा आणि बर्लिनमधला माणूस एकाच पातळीवर येतात. अर्थात पातळी एक असली तरी गर्दी अफाट: डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ च्या टप्प्यात ५० कोटींहून जास्त तिकिटांची मागणी आली, असं फिफानं सांगितलं. आणि नंबर लागला की तुम्हाला पुन्हा न विचारता कार्डातून पैसे जातात, म्हणून अर्ज करताना खिसा पाहूनच करायचा. मागणीनुसार वर-खाली होणाऱ्या दरांमुळे साधा प्रेक्षक बाहेर ढकलला जातो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

तिकीट हातात आलं म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लवकर मिळावी म्हणून तिकीटधारकांसाठी फिफा पास नावाची सोय केली गेली, पण मंजुरी अधिकाऱ्याच्या हातातच राहते. अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत वेगळा व्हिसा लागत नाही. कॅनडासाठी मात्र वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून टोरांटो किंवा व्हँकुव्हरचा सामना निवडणाऱ्यानं हा हिशेब शहर ठरवतानाच करावा.