कृत्तिकांची चाल आणि पहिल्या मोजणीचे ऋण

आपल्याकडे शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब नक्षत्रांवर चालत आला आहे. रोहिणीचा पाऊस, मृगाची पेरणी, आणि सोलापूरसारख्या रब्बीच्या मुलखात हस्ताच्या पावसावर अवलंबून असलेली ज्वारी, ही भाषा अजून लोपलेली नाही. या व्यवहारामागे एक गृहीत असते. सूर्य-चंद्र फिरतात, ग्रह भटकतात, पण नक्षत्रे जागा सोडत नाहीत. जे क्षरत नाही ते नक्षत्र, अशी व्युत्पत्तीही सांगितली जाते. व्यवहारापुरते हे गृहीत बिनधोक आहे; परंतु ते खरे नाही. नक्षत्रेही चालतात, आणि त्यांची चाल मोजण्याच्या खटाटोपात विज्ञानाच्या स्वभावाविषयी पुष्कळ काही शिकण्यासारखे आहे.

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावात जानेवारीच्या आरंभी, रात्री नऊच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन वर पाहिले, तर डोक्यावर, किंचित उत्तरेला, कृत्तिकांचा पुंजका दिसतो. साध्या डोळ्यांना सहा-सात तारका दिसतात. प्रत्यक्षात तेथे हजारांहून अधिक तारे आहेत. ते सुमारे ४४० प्रकाशवर्षे दूर असून एकाच वायुमेघातून, दहा-बारा कोटी वर्षांपूर्वी, जवळजवळ एकाच वेळी जन्मले. अशा समूहाला ज्योतिर्विद खुला तारकागुच्छ म्हणतात.

कृत्तिकांचे नाव निघाले की महाराष्ट्राला शंकर बाळकृष्ण दीक्षितांची आठवण व्हावी. शिक्षकी पेशात आयुष्य काढलेल्या या विद्वानाने शतपथ ब्राह्मणातील एका उल्लेखावर बोट ठेवले. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा त्या उल्लेखाचा आशय आहे. आज त्या नेमक्या पूर्वेला उगवत नाहीत. तेव्हा उगवत असतील, तर तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा असला पाहिजे, असे गणित दीक्षितांनी मांडले. या निष्कर्षाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. तथापि कोणीतरी पाहिले आणि पुढच्यांसाठी सांगून ठेवले, म्हणूनच हजारो वर्षांनी त्यावर गणित मांडता आले, ही गोष्ट निर्विवाद आहे.

दीक्षितांच्या गणितातील सरकणे मात्र ताऱ्यांचे नव्हे. ते पृथ्वीच्या आसाच्या मंद डोलण्यामुळे, म्हणजे संपातचलनामुळे घडते, आणि त्यात सारे आकाश एकदम सरकल्यासारखे दिसते. ताऱ्यांची स्वतःची चाल, जिला निजगती म्हणतात, ती याहून कितीतरी सूक्ष्म. १७१८ मध्ये एडमंड हॅली यांनी व्याध, स्वाती यांसारख्या ताऱ्यांची स्थाने ग्रीकांच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा हे तारे सरकले असल्याचे प्रथम लक्षात आले. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला, हे माप पंचांग पाहणाऱ्यांना परके नाही. कृत्तिकांची निजगती शंभर वर्षांत अवघी पाच विकला आहे. पूर्णचंद्राच्या रुंदीइतके अंतर कापायला त्यांना सुमारे छत्तीस हजार वर्षे लागतील.

ही झाली सबंध समूहाची चाल. समूहाच्या आत तारे एकमेकांच्या सापेक्ष कसे हलतात, हा प्रश्न याहून अवघड आहे. पंढरीच्या वाटेवरील दिंडी दूरच्या टेकडीवरून पाहिली, तर दिंडी पुढे सरकते हे कळते. परंतु दिंडीतील कोणता वारकरी दोन पावले पुढे गेला आणि कोण मागे रेंगाळला, हे कळणे कठीण. कृत्तिकांचा मेळा आपल्या दृष्टिरेषेला आडवा, सेकंदाला तीस किलोमीटरहून अधिक वेगाने चालला आहे. त्यातील ताऱ्यांची आपसांतील चाल मात्र सेकंदाला जेमतेम अर्धा किलोमीटर आहे. एवढ्या अंतरावरून ती वर्षाला विकलेच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरते. एकोणिसाव्या शतकात बेसेल यांनी कोनिग्सबर्ग येथे कृत्तिकांतील ५३ ताऱ्यांची स्थाने मोठ्या निष्ठेने मोजली. ही अंतर्गत चाल त्यांच्या हयातीत दिसणे शक्यच नव्हते. ते मोजमाप पुढच्यांसाठी होते.

या कामाचा एक अध्याय आपल्या शेजारी घडला आहे. मैंदर्गी आणि हैदराबाद जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोन्ही ठिकाणी डोक्यावरून तेच तारे जातात. नवाब जफरजंग यांनी १९०१ मध्ये हैदराबादेत सुरू केलेली निजामिया वेधशाळा त्यांच्या निधनानंतर, १९०८ मध्ये, निजाम सरकारने ताब्यात घेतली. १८८७ मध्ये पॅरिस येथे जगातील वेधशाळांनी मिळून सबंध आकाशाची छायाचित्रे घेण्याचा संकल्प केला होता आणि आकाशाचे पट्टे वाटून घेतले होते. त्यांपैकी दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. कृत्तिका त्यात नव्हत्या. परंतु व्याधाच्या खाली चार अंशांवर असलेला एक सुंदर खुला गुच्छ होता. १९१८ मध्ये संचालक पोकॉक यांचे निधन झाल्यावर टी. पी. भास्करन यांनी धुरा घेतली आणि हा पट्टा पुरा करून पुढे पॉट्सडॅमच्या वाट्याचे कामही उचलले.

काम कसले होते? काचेच्या पट्टीवर ताऱ्यांचे काळे ठिपके उमटत. त्याच पट्टीवर पाच-पाच मिलिमीटरच्या बारीक चौकटी आखलेल्या असत. सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक ठिपका चौकटीच्या रेषांपासून किती दूर आहे ते वाचायचे आणि वहीत आकडा लिहायचा. मग पुढचा ठिपका. तेथे आकाशाचा साठ विकलांचा पट्टा एका मिलिमीटरात बसे. म्हणजे कृत्तिकांची शतकाची वाटचाल केसाच्या जाडीएवढी! त्या काळी अनेक वेधशाळांत हे काम अल्प वेतनावर तरुण मुली करीत. व्हॅटिकनमध्ये ते जोगिणींनी केले. त्यात नाव नव्हते आणि हयातीत निष्कर्षही नव्हता. कारण गती म्हणजे दोन मोजण्यांतील फरक, आणि त्यांची मोजणी पहिली होती.

दुसरी मोजणी १९८९ ते १९९३ या काळात हिपार्कस या युरोपीय उपग्रहाने केली. तिच्यावर आधारलेली सुमारे पंचवीस लाख ताऱ्यांची टायको-२ ही सूची २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील निजगती काढताना जुन्या सूचींशी तुलना करण्यात आली, आणि त्यांत पॅरिसच्या संकल्पातून निघालेली सूची प्रमुख होती. हैदराबादच्या वह्यांतील आकड्यांचे मोल असे सात-आठ दशकांनी हाती आले.

पुढे २०१४ ते जानेवारी २०२५ पर्यंत गाया या उपग्रहाने निरीक्षणे केली. तेजस्वी ताऱ्याची वार्षिक चाल विकलेच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागापर्यंत अचूक मोजण्याचे सामर्थ्य त्याने दिले, आणि दिंडीतला वारकरी दिसू लागला. त्यातून काय मिळाले? प्रथम, घरचे कोण आणि वाटेत भेटलेले कोण, हे ठरले. रोहिणीच्या शकटाचेच पाहा. त्यातील बहुतेक तारे दीडशे प्रकाशवर्षांवरील एका गुच्छाचे आहेत. परंतु रोहिणीचा तांबूस योगतारा अवघ्या पासष्ट प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याची चाल निराळी आहे. दुसरे, ताऱ्यांच्या आपसांतील वेगावरून त्यांना बांधून ठेवणाऱ्या वस्तुमानाचा अंदाज येतो. तिसरे, ज्याचा वेग मर्यादेपलीकडे जातो तो तारा घर सोडतो. रोहिणीच्या गुच्छातून निसटलेल्या ताऱ्यांच्या शेकडो प्रकाशवर्षे लांबीच्या दोन शेपट्या २०१९ मध्ये ओळखता आल्या. आपला सूर्यही बहुधा अशाच एखाद्या विखुरलेल्या घरातला असावा.

येथे कोणी म्हणेल, उपग्रहाने दहा वर्षांत एवढे साधले, तर जुन्या काचा हव्यात कशाला? या प्रश्नाचे उत्तर ताऱ्यांनीच दिले आहे. पुष्कळ तारे जोडीने राहतात आणि एकमेकांभोवती फिरायला त्यांना कधी कधी शतके लागतात. अशा ताऱ्याची दहा वर्षांची चाल मोजली, तर तिच्यात जोडीदाराभोवतीचे वळणही मिसळलेले असते, आणि तीच त्याची खरी वाट मानण्याची चूक होते. दीर्घ काळाची चाल आणि अल्प काळाची चाल जुळली नाही, तर अदृश्य जोडीदार असल्याचा संशय येतो. यंत्र कितीही तीक्ष्ण झाले, तरी गेलेला काळ त्याला परत आणता येत नाही. १९२० सालच्या रात्रीचे आकाश १९२० सालीच टिपता येत होते.

म्हणूनच आपल्या वेधशाळांत आणि विद्यापीठांत जिथे जिथे जुन्या काचपट्ट्या व निरीक्षणवह्या असतील, त्यांची रीतसर यादी व्हावी आणि संगणकीय प्रती काढून त्या सर्वांना खुल्या कराव्यात. हा खर्च वस्तुसंग्रहालयाच्या खात्यावर टाकू नये. तो संशोधनाचा खर्च आहे. तसेच प्रत्येक प्रकल्पाला वर्षाअखेर निष्कर्ष विचारण्याची जी रीत रुजत आहे, तिच्या अंमलात बेसेल किंवा भास्करन यांचे काम कसे टिकले असते, याचाही विचार धोरण आखणाऱ्यांनी करावा.

ही शिस्त वेधशाळेपुरती नाही. मैंदर्गीच्या शाळेतील मुलांनी रोजचा पाऊस मोजून लिहिला, विहिरीच्या पाण्याची पातळी दर महिन्याला नोंदवली आणि कार्यालयातील लेखनिकाने ती वही जपून ठेवली, तर वर्षभरात त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. पन्नास वर्षांनी मात्र तेथील पाऊस व पाणी कोणत्या दिशेने सरकले, हे सांगणारा तोच पुरावा असेल. अशा वहीचे पहिले पान लिहिणाऱ्याला फळ दिसत नाही. म्हणून ते पान अचूक, तारीखवार आणि खाडाखोड न करता लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर अधिक आहे.