पोलादी नळ आणि रबरी सांधा

बदलापूर-कात्रपच्या माणसाला मोठा नळ काही नवा नाही. बारवी धरणाचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना नेणाऱ्या नळांवरून इकडच्या एका रस्त्याचे नावच पाइपलाइन रोड पडले आहे. हा नळ निपचित पडलेला दिसतो. पण तसा तो नसतो. पोलाद तापले की वाढते. कारखान्यातला १०० मीटर लांबीचा नळ ५० अंशांनी तापला, तर सुमारे ६ सेंटिमीटर लांब होतो. ही वाढ जाणार कोठे? दोन्ही टोके जखडलेली असली तर नळ वाकतो, फ्लँजचे बोल्ट ताणतात, पॅकिंग ढिले होते आणि थेंब गळू लागतो. पंपाजवळ त्यात थरथरीची भर पडते. कारखान्यातला असा थेंब नाल्यात गेला तर पुढे उल्हास नदी आहे, म्हणून हा विषय केवळ फिटरचा नाही.

रेल्वेच्या रुळांत पूर्वी जागोजाग फट ठेवीत. नळात फट ठेवता येत नाही, म्हणून तेथे लवचिक सांधा घालतात. कामगार त्याला बेलोज म्हणतात. पोट फुगलेला आखूड रबरी नळ आणि दोन्ही तोंडांना पोलादी फ्लँज, असे त्याचे रूप. आत रबराचे अस्तर, मध्ये टायरप्रमाणे नायलॉनच्या धाग्यांचे थर आणि वर आवरण. धागा दाब सोसतो, रबर गळती अडविते.

रबर कोणते, येथे घोटाळा होतो. ईपीडीएम जातीचे रबर गरम पाणी आणि ऊन सोसते, पण तेल लागले की फुगते. नायट्राइल तेलाला टिकते, पण उघड्यावर उन्हात तडकते. दिसायला दोन्ही काळीच!

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा सांधा नळाला धरून ठेवीत नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या नळात दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब असेल, तर सांध्याच्या दोन बाजूंना एकमेकींपासून दूर ढकलणारा जोर ३ टनांवर जातो. अखंड नळात तो पोलाद सोसते. लवचिक तुकडा घातला की तो घट्ट रोवलेल्या आधारांनी किंवा सांध्यालगतच्या लांब टाय-रॉडांनी घ्यावा लागतो. हे रॉड ‘मध्ये येतात’ म्हणून काढून ठेवलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहेत.

१ जून १९७४ रोजी इंग्लंडातील फ्लिक्सबरो येथे या दुर्लक्षाची किंमत मोजली गेली. तेथील बेलोज रबरी नव्हते, पोलादी होते, तत्त्व एकच. नायलॉनचा कच्चा माल करणाऱ्या त्या कारखान्यात ओळीने ६ रिअॅक्टर होते. पाचवा तडकला, तो काढला, आणि चौथ्या-सहाव्यामध्ये दोन बेलोजांवर एक वाकडा तात्पुरता नळ टांगला. त्याचा आराखडा म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवरची खडूची रेघ, आणि आधार मचाणाचा. वाकड्या नळाला आतला दाब पिळून काढतो, याचा हिशेब कोणी मांडला नाही. दोन महिन्यांनी नळ निखळला, सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पेटला आणि २८ माणसे मेली. शनिवार होता, म्हणून कचेऱ्या रिकाम्या होत्या.

रबर मात्र फुटण्यापूर्वी बहुधा सूचना देते. वरच्या थराला भेगा पडतात, धागा उघडा होतो, पोटावर फोड येतो, बोटाने दाबले तर ते लाकडासारखे लागते. या खुणा सर्वांआधी दिसतात त्या पाळीवरच्या हेल्परला. तो बहुधा कंत्राटी असतो, आणि कंत्राटी माणूस बोलायला भितो. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोका दिसताच तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा कामगाराचा हक्क लिहिला गेला. हक्क लिहिला म्हणून भीती गेली, असे झाले नाही. म्हणून आम्ही मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली एक कलम घालतो: प्रत्येक सांध्यावर तो बसविल्याची तारीख रंगवावी, महिन्यातून एकदा पाळीच्या वहीत त्याची नोंद व्हावी, आणि सायकलची ट्यूब गुंडाळून कोणताही सांधा चालवू नये. पगारावर महिनोन्महिने घासाघीस चालते. हे कलम पुष्कळदा न वाचताच मान्य होते, आणि मग तारीख घालायला रंगाचा डबा मागण्यासाठी आम्हांला पुन्हा कचेरीत जावे लागते.