जुने म्यान, कारागिराचा शिक्का आणि तेलाची बाटली

हॉलिवूडच्या 'वेस्टर्न' चित्रपटांनी काउबॉयचे एक चित्र जगभर रूढ केले. कमरपट्टा तिरका, रिव्हॉल्व्हरचे चामडी म्यान मांडीपर्यंत लोंबणारे आणि वादीने पायाला बांधलेले. 'होल्स्टर' म्हटले की आपल्यालाही हेच आठवते. प्रत्यक्षात हा थाट बव्हंशी विसाव्या शतकातील स्टुडिओंचा आहे. १८७० आणि १८८० च्या दशकांतील अस्सल म्यान कमरेवर उंच बसणारे आणि खोल असे. शस्त्र त्यात चांगले आतवर बुडालेले असे. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्या गुराख्याची खरी चिंता शस्त्र झटकन उपसण्याची नव्हती, ते वाटेत कुठे पडू नये याची होती. ही अस्सल म्याने जमविणे हा अमेरिकेत आज एक गंभीर छंद आहे आणि त्यातही विशिष्ट गावच्या विशिष्ट कारागिराची म्याने शोधणारे संग्राहक अधिक चोखंदळ मानले जातात.

म्यानाला गावाची ओळख चिकटली याचे कारण व्यवसायाच्या स्वरूपात आहे. ही म्याने बनविणारे मूलतः खोगीरकार, आपल्याकडील जीनगरांसारखे. खोगीर, लगाम, पट्टे ही त्यांची मुख्य कमाई आणि म्यान हे जोडकाम. वायोमिंगमधील शायान गावाचे उदाहरण बोलके आहे. १८६७ साली युनियन पॅसिफिक रेल्वे तेथे पोहोचली आणि पुढे माळरानावरील गुरांच्या व्यापाराने गाव भरभराटीला आले. ई. एल. गॅलॅटिन यांच्या पेढीत तयार झालेले त्यांचे पुतणे फ्रँक मीनिया यांनी पुढे स्वतःच्या नावाने तेथे व्यवसाय केला. त्यांच्या शिक्क्याचे म्यान आज संग्राहकांच्या स्वप्नातील वस्तू आहे. डेन्व्हरचे हर्मन हायझर, टेक्सासमधील एल पासोचे सॅम मायर्स यांचीही अशीच ख्याती. जनरल पॅटन यांच्या हस्तिदंती मुठीच्या रिव्हॉल्व्हरांसाठीची म्याने मायर्स यांच्याच पेढीतली होती.

मीनिया यांच्या काळात म्यानाचा आकारच बदलत होता. आधीची 'कॅलिफोर्निया' घाटाची म्याने निमुळती, डौलदार आणि मागे पट्ट्यासाठी बेताचे घर शिवलेली असत. १८७३ मध्ये कोल्ट कंपनीचे धातूच्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर आले, काडतुसे ओवलेले रुंद पट्टे कमरेला आले आणि जुने घर अपुरे पडू लागले. उपाय साधा निघाला. म्यानाचे कातडे मागे लांब ठेवायचे, ते दुमडून खाली आणायचे, त्याला आडव्या चिरा द्यायच्या आणि म्यानाची पिशवी त्या चिरांतून खाली सरकवायची. दुमडीच्या पोकळीतून कितीही रुंद पट्टा सहज जाई. हाच तो 'मेक्सिकन लूप' घाट. नळीच्या टोकाशी चामड्याचा छोटा तुकडा शिवून तोंड बंद करण्याच्या पद्धतीला तर शायानचेच नाव चिकटले आहे.

संग्राहक सर्वप्रथम पाहतो तो शिक्का. शिक्क्याचे म्यान आणि तशाच घाटाचे बिनशिक्क्याचे म्यान यांच्या किमतीत मोठी तफावत असते. शिक्क्यातील मजकूर कालनिर्णयालाही उपयोगी पडतो. वायोमिंगला राज्याचा दर्जा १० जुलै १८९० रोजी मिळाला. त्यामुळे गावाच्या नावापुढे 'टेरिटरी' असा उल्लेख असेल, तर शिक्का त्यापूर्वी कोरलेला असणार. अर्थात शिक्का झिजेपर्यंत वापरणे ही कारागिराची स्वाभाविक काटकसर. तेव्हा म्यानही १८९० पूर्वीचेच, असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

जेथे किंमत, तेथे नक्कल. कोरे म्यान शिवून त्यावर बनावट शिक्का उठविणे अवघड नाही. सर्वांत कठीण असते ती वापराची नक्कल. खऱ्या म्यानाच्या आतल्या बाजूस रिव्हॉल्व्हरच्या गोल दंडकोशाचा आणि नळीच्या टोकाचा ठसा वर्षानुवर्षांच्या दाबाने उमटलेला असतो. झीज पट्ट्याशी आणि खोगिराशी घासणाऱ्या जागीच आढळते. नकली म्यान सगळीकडे सारखेच 'जुने' दिसते, हीच त्याची चुगली. दोराही पाहावा. मेणवलेला तागी दोरा कालांतराने काळपट पडून कातड्यात रुततो. अतिनील दिव्याखाली तो लख्ख निळसर चमकला, तर तो अलीकडचा असण्याचा संशय घ्यावा.

मात्र माझ्या मते, नकलेपेक्षाही जास्त हानी हौशी मालक करतात आणि तीही प्रेमापोटी. ही म्याने वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेल्या कातड्याची आहेत. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तसे तिकडे ओक व हेमलॉक या झाडांची साल वापरीत. असे कातडे जुने झाले की कोरडे दिसते आणि मालक तेलाची बाटली काढतो. तेलाने कातडे क्षणभर जिवंत वाटते, पण रंग कायमचा गडद होतो, तंतू सैल पडतात, धूळ चिकटते आणि शिक्क्याच्या बारीक कडा बुजतात. एकदा मुरलेले तेल पूर्णपणे काढता येत नाही. पॉलिश आणि साबण यांचेही तेच. प्रदूषित हवेतील गंधकाच्या वायूंनी अशा कातड्याला 'लाल कूज' लागते. पृष्ठभाग तांबूस भुकटी होऊन हाताला लागू लागतो. त्यावर तेल हा इलाज नव्हेच. तेथे संवर्धनतज्ज्ञाकडेच जावे.

म्यानात रिव्हॉल्व्हर ठेवून मांडणीही करू नये. कातड्यातील आम्ले आणि ओलावा यांनी पोलाद गंजते आणि तो गंज उलट कातड्याला खातो. पट्ट्यात राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा कळंक चढतो. काडतुसे वेगळी ठेवावीत. कळंक लाकडी काडीने अलगद खरवडावा. म्यानाच्या पोकळीत आम्लविरहित कागद सैल भरावा, म्हणजे आकार टिकतो. ऊन टाळावे, हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शक्यतो स्थिर असावी. कोकणातील पावसाळा अनुभवलेल्याला चामड्यावरच्या बुरशीविषयी वेगळे सांगायला नको.

उसवलेला टाका दिसला की तो पुन्हा घालून घेण्याचा मोह होतो. तोही आवरावा, कारण मूळ टाक्यांची छिद्रे, त्यांतील अंतर आणि दोऱ्याचे अवशेष हीच बिनशिक्क्याच्या म्यानाचा कारागीर ओळखण्याची उरलेली खूण असते. रिचर्ड रॅटनबरी यांच्या 'पॅकिंग आयर्न' (१९९३) या ग्रंथानंतर घाटांची तुलना पुष्कळ सुकर झाली आहे. पण तुलना करायला मूळ काम शिल्लक असावे लागते. म्यान कोणत्या कुटुंबाकडून, कोणत्या गुरांच्या मळ्यावरून आले, ही माहिती विक्रीच्या वेळीच लिहून घ्यावी आणि वेगळ्या कागदावर म्यानासोबत ठेवावी. कातड्यावर चिकटपट्टी लावू नये, आतल्या बाजूसही नाही.