कंपनीच्या कार्यालयाचे स्थलांतर : नियोजन व व्यवस्थापन (मुंबईच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असते, असे मराठीत म्हटले जाते. कंपनीची स्थिती नेमकी याच्या उलट असते. तिचे बिऱ्हाड अनेकांच्या पाठीवर असते. कर्मचारी, ग्राहक, पुरवठादार, बँक, शासकीय कार्यालये आणि दुपारचा डबा पोहोचविणारा डबेवाला या सर्वांनी त्या एका पत्त्याभोवती आपापली घडी बसविलेली असते. पत्ता बदलला की ही प्रत्येक घडी मोडते व नव्याने बसवावी लागते.

वाणिज्य शाखेत कार्यालय व्यवस्थापन हा विषय शिकविताना कार्यालयाची मांडणी, दफ्तर व्यवस्था आणि यंत्रसामग्री या घटकांवर भर दिला जातो. स्थलांतराचा विचार मात्र बहुधा 'जागेची निवड' या एका मुद्द्यापुरता मर्यादित राहतो. प्रस्तुत लेखात कार्यालयाच्या स्थलांतराचे टप्पे, त्यासंबंधीच्या कायदेशीर तरतुदी आणि सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा घटक, म्हणजे कर्मचाऱ्याचा रोजचा प्रवास, यांचे विवेचन मुंबईच्या उदाहरणाच्या आधारे करण्यात आले आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी :

मुंबईतील कंपन्यांची कार्यालये दीर्घकाळ फोर्ट परिसरात एकवटलेली होती. १९७० च्या दशकात नरिमन पॉइंट येथे समुद्रात भराव टाकून मिळविलेल्या जमिनीवर उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहिल्या. दक्षिण मुंबईवरील वाढता ताण कमी करण्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलाची कल्पना पुढे आली आणि १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची त्या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. मिठी नदीकाठची सुमारे ३७० हेक्टर सखल जमीन या नियोजनाखाली आली. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, नाबार्ड यांसारख्या संस्था आज याच संकुलात आहेत.

या बदलामागील कारणे समजण्यासारखी आहेत. जुन्या इमारतींतील अपुरी जागा, वाहनतळाचा अभाव, एकाच कंपनीचे विभाग अनेक इमारतींत विखुरलेले असणे, तसेच विमानतळाशी जवळीक ही त्यांपैकी प्रमुख होत. कर्मचाऱ्यांची वस्तीही उपनगरांकडे सरकत होती. त्यामुळे कार्यालय उत्तरेकडे नेणे हे सर्वांच्याच सोयीचे आहे, असे मानले गेले. हे गृहीतक तपासून पाहणे आवश्यक आहे.

अंतर आणि प्रवास यांतील भेद :

नकाशावर अंतर कमी झाले म्हणजे प्रवास सुकर झाला, असे होत नाही. विरारहून चर्चगेटला येणारा कर्मचारी संध्याकाळी परतीची लोकल तिच्या सुटण्याच्या स्थानकावर पकडतो. त्यामुळे त्याला बसण्यास जागा मिळण्याची शक्यता असते. त्याचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्यास अंतर कमी होते. परंतु त्याला वांद्रे येथे, म्हणजे मार्गाच्या मध्यावर, आधीच भरलेल्या गाडीत शिरावे लागते. डोंबिवली किंवा बदलापूरच्या कर्मचाऱ्यास कुर्ल्याला उतरून पुढे बस अथवा रिक्षा गाठावी लागते. फोर्टमध्ये स्थानकापासून पायी जाता येत असे. येथे रांग, वाहतूक कोंडी आणि जादा भाडे यांची भर पडते. त्याच कंपनीतील मोटारीने येणाऱ्या उपनगरवासी अधिकाऱ्याचा प्रवास मात्र खरोखरच कमी होतो.

संकुलात थेट जाणारी रेल्वे फार उशिरा आली. मेट्रो मार्ग ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. म्हणजे नियोजन प्राधिकरणाच्या नियुक्तीनंतर ४७ वर्षांनी संकुलाला स्वतःचे स्थानक मिळाले. मधल्या काळात तेथे गेलेल्या प्रत्येक कार्यालयाच्या स्थलांतराचा काही भार त्याच्या कर्मचाऱ्यांनी वेळ, पैसा आणि शारीरिक श्रम या रूपांत उचलला.

यातून एक महत्त्वाचे सूत्र हाती येते. स्थलांतराचा खर्च कंपनीच्या ताळेबंदात दिसला नाही, तर तो नाहीसा झालेला नसतो. तो कर्मचाऱ्याच्या खिशात सरकलेला असतो. कमी वेतनाचा शिपाई, पाळणाघराची वेळ गाठावी लागणारी कर्मचारी महिला आणि दिव्यांग कर्मचारी यांच्यावर तो सर्वाधिक पडतो. काही महिन्यांनी अनुभवी माणसे नोकरी सोडू लागतात, तेव्हा तोच खर्च भरती व प्रशिक्षणाच्या रूपाने कंपनीकडे परत येतो.

हिरे बाजाराची दोन उदाहरणे :

मुंबईतील हिरे व्यापार अनेक दशके ऑपेरा हाऊस परिसरातील इमारतींत चालत असे. ऑक्टोबर २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुमारे २० एकर जागेवर भारत डायमंड बोर्स कार्यान्वित झाला. तेथे सुमारे २,५०० कार्यालयांच्या जोडीला सीमाशुल्क तपासणी, बँका आणि तिजोऱ्यांची सोय एकाच आवारात करण्यात आली. केवळ व्यापाऱ्यांची कार्यालये नव्हे, तर व्यवहाराची साखळी हलविण्याची ही योजना होती. तरीही स्थलांतर एकाएकी झाले नाही. काही व्यापाऱ्यांनी जुनी जागा काही काळ चालूच ठेवली.

१७ डिसेंबर २०२३ रोजी सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. ४,००० हून अधिक कार्यालयांची ही इमारत भव्यतेत मुंबईपेक्षा कितीतरी पुढे आहे. परंतु सुरुवातीच्या काळात तेथे कार्यालये भरण्याचा वेग संथ राहिला आणि मुंबईहून गेलेल्या काहींनी पुन्हा मुंबईचा रस्ता धरला. जागतिक हिरे व्यापारातील मंदी हे त्यामागचे एक कारण होते. तथापि मुंबईत बसलेले खरेदीदार, दलाल आणि व्यापाराशी निगडित सेवा इमारतीपाठोपाठ आपोआप आल्या नाहीत, हेही तितकेच खरे. इमारत बांधता येते. संबंध मात्र हलवावे लागतात.

कायदेशीर तरतुदी :

येथे 'नोंदणीकृत कार्यालय' आणि 'प्रशासकीय कार्यालय' यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. आयसीआयसीआय बँकेचे नोंदणीकृत कार्यालय वडोदरा येथे, तर कॉर्पोरेट कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नोंदणीकृत कार्यालयाच्या बदलाबाबत कंपनी कायदा, २०१३ मधील प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

१) एकाच शहराच्या हद्दीत बदल असल्यास संचालक मंडळाचा ठराव पुरेसा होतो. बदलाची सूचना ३० दिवसांच्या आत कंपनी निबंधकांना द्यावी लागते.

२) शहर, गाव वा नगराच्या हद्दीबाहेर बदल असल्यास भागधारकांचा विशेष ठराव आवश्यक असतो.

३) त्याच राज्यात, परंतु दुसऱ्या कंपनी निबंधकाच्या कार्यक्षेत्रात बदल असल्यास प्रादेशिक संचालकांची पुष्टी घ्यावी लागते.

४) एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदल असल्यास घटनापत्रकात दुरुस्ती व केंद्र सरकारची मान्यता लागते. या वेळी धनकोंच्या हिताचा विचार होतो आणि स्थलांतरामुळे कोणत्याही कर्मचाऱ्यास कमी केले जाणार नाही, असे संचालकांचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते.

यांशिवाय वस्तू व सेवा कर नोंदणीतील व्यवसायाच्या मुख्य ठिकाणाचा बदल १५ दिवसांच्या आत कळवावा लागतो. ही नोंदणी राज्यनिहाय असल्यामुळे दुसऱ्या राज्यात नवी नोंदणी करावी लागते. बँका, विमा, भविष्य निर्वाह निधी, पत्रशीर्षे आणि नामफलक यांवरील पत्ताही बदलणे क्रमप्राप्त ठरते.

चौथी तरतूद विशेष विचार करण्यासारखी आहे. राज्याची सीमा ओलांडताना कंपनी कायदा कर्मचाऱ्याची दखल घेतो. शहराच्या आत मात्र केवळ सूचनेवर काम भागते. मुंबईसारख्या महानगरात फोर्ट ते बोरिवली हा बदल कर्मचाऱ्याच्या दृष्टीने लहान नसतो. कायदा जेथे मौन बाळगतो, तेथे व्यवस्थापनाची जबाबदारी सुरू होते.

नियोजनाचे टप्पे :

(अ) समिती : मध्यम आकाराच्या कार्यालयासाठी साधारणतः सहा महिने ते एक वर्ष आधी समिती नेमावी. तीत प्रशासन, वित्त, मनुष्यबळ, माहिती तंत्रज्ञान व विधी या विभागांबरोबर कनिष्ठ कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असावा. अंतिम निर्णयाचा अधिकार एका व्यक्तीकडे असावा.

(आ) प्रवासाची पाहणी : जागा निश्चित करण्यापूर्वी सर्व कर्मचाऱ्यांच्या निवासाचे पिनकोड व प्रवासाची साधने यांची नोंद करावी. प्रत्येक पर्यायी जागेसाठी वेळ, भाडे व गाड्या बदलण्याची संख्या काढावी. येथे केवळ सरासरी पाहू नये. दहा जणांचा वेळ अर्ध्या तासाने वाचला आणि पाच जणांचा एका तासाने वाढला, तर सरासरी बदलत नाही, पण पाच कर्मचारी मात्र अडचणीत येतात.

(इ) जागेची तपासणी : भाडे कोणत्या क्षेत्रफळावर आकारले जाते, चटई क्षेत्रावर की त्यात जिना-व्हरांडा मिळवून येणाऱ्या क्षेत्रावर, हे करारापूर्वी स्पष्ट करून घ्यावे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते, ते पाहावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सखल भागात सर्व्हर व वीजसंच तळमजल्यावर ठेवू नयेत, हा त्या दिवसाचा धडा होय.

(ई) अंदाजपत्रक : नव्या जागेची अनामत, मुद्रांक शुल्क, अंतर्गत सजावट व वाहतूक यांबरोबरच दोन्ही जागांचे काही महिन्यांचे दुहेरी भाडे, जुनी जागा पूर्ववत करून देण्याचा खर्च आणि कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाचा प्रवास भत्ता किंवा स्थानकापर्यंतची बससेवा यांचा त्यात समावेश असावा.

(उ) दफ्तराची छाननी : हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपण्याचे कंपनी कायद्याचे बंधन आहे. त्यानुसार ठेवावयाची, संगणकीय प्रत काढावयाची व नष्ट करावयाची अशी कागदपत्रांची तीन गटांत विभागणी करावी.

(ऊ) प्रत्यक्ष हलवाहलव : मार्चअखेर, दिवाळी आणि मुंबईचा पावसाळा टाळावा. इंटरनेट जोडणीची मागणी सर्वांत आधी नोंदवावी. सर्व माहितीची प्रत काढून ती उघडते की नाही, हेही तपासावे. प्रत्येक खोक्यावर विभाग, मजला व टेबल क्रमांक लिहावा; मालाचा प्रवास विमा उतरवावा. शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून रविवारी चाचणी घेतल्यास सोमवारी कामकाज सुरळीत होते. मोठ्या कार्यालयाने विभागवार टप्प्याटप्प्याने जावे.

स्थलांतरोत्तर मूल्यमापन :

नव्या जागेचा फलक लागला म्हणजे स्थलांतर पूर्ण झाले, असा समज प्रचलित आहे. वास्तविक तीन व सहा महिन्यांनी उशिरा येण्याचे प्रमाण, रजा, राजीनामे आणि ग्राहकांच्या तक्रारी यांची आधीच्या आकड्यांशी तुलना करावयास हवी. प्रवास वाढलेल्या कर्मचाऱ्यांसाठी कामाच्या वेळेत लवचिकता किंवा आठवड्यातील काही दिवस घरून काम असे उपाय योजता येतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक कंपन्यांना या पद्धतीचा अनुभव आलेला आहे.

समारोप :

कार्यालयाचे स्थलांतर हे वरकरणी सामानाचे, कायद्याने कागदपत्रांचे आणि वस्तुतः माणसांचे स्थलांतर असते. पहिल्या दोहोंसाठी वाहतूकदार व कंपनी सचिव मिळतात. तिसऱ्याची काळजी व्यवस्थापनासच घ्यावी लागते. जागेच्या निवडीचा प्रारंभ भाड्याच्या दरापासून न करता कर्मचाऱ्याच्या घराच्या दारापासून केला, तर अनेक चुका करारावर सही होण्यापूर्वीच लक्षात येतील. महाविद्यालयीन स्तरावरही हा विषय प्रकल्पास उपयुक्त आहे. विद्यार्थ्यांना परिसरातील एखाद्या आस्थापनेतील कर्मचाऱ्यांच्या प्रवासाची पाहणी करावयास दिल्यास भूगोल, अर्थशास्त्र, वाणिज्य व समाजशास्त्र या विषयांची सांगड त्यांच्यासमोर सहजपणे उभी राहील.