पंखा लागायच्या आत

सकाळी साडेपाच

पंखा लागायच्या आत कागदाचं काम उरकायचं, हा या घराचा नियम. पतंगाचा कागद खळ लावून काडीवर ठेवला आणि वरून वारा आला की संपलंच. कागद दुमडतो, खळ नको तिथे चिकटते, ओढायला जावं तर फाटतो. आश्विनात बीदरची पहाट गार असते. गाव पठारावर, सुमारे 2,200 फुटांवर, त्यामुळे साडेसातपर्यंत कुणी पंख्याचं नाव काढत नाही. तेवढे दोन तास कागदाचे.

दिवाळीच्या आधी हे दोन तास आकाशकंदिलांना जातात. सांगाडे आदल्या रात्री बांधून ठेवलेले असतात. बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घ्यायच्या आणि चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. त्यातले चार चौकोन टोकावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा जोडत त्यांचं कडं करायचं. उरलेल्या दोघांतला एक वरच्या चार टोकांना बांधायचा, एक खालच्या. बस. मधले आठ त्रिकोण आपोआप पडतात, ते वेगळे करावे लागत नाहीत. बारा कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात चार काड्या. एखादी काडी अर्ध्या बोटाने जरी लांब झाली, तरी अख्खा कंदील तिरपा लटकतो आणि मग कुठली काडी चुकली ते शोधण्यात सकाळ जाते. म्हणून काड्या मोजायला पट्टी घ्यायची नाही. पहिली काडी कापायची आणि बाकीच्या तेवीस तिच्याशीच लावून कापायच्या.

खळ मैद्याची. थंड पाण्यात मैदा कालवून घ्यायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. गरम पाण्यात मैदा टाकला की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विष आहे, त्यामुळे त्याचं पातेलं, चमचा, ब्रश सगळं वेगळं आणि सगळं वरच्या कोनाड्यात. बाजारात पांढरा गोंद मिळतो, पण तो लवकर धरतो. खळ जरा वेळ देते, कागद सरकवून नीट बसवता येतो.

साडेसात

चिकटवलेले कंदील आढ्याच्या कड्यांना दोरीने वर ओढून घेतले की खोली मोकळी. मग तिथेच नाश्ता, नातवाचं दप्तर, मुलाचं हेल्मेट, सगळी धांदल. या वेळेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

मुलाचं मात्र एक पालुपद असतं : "आई, वर एक खोली काढू, तुझी वेगळी." मोबाइलवर त्याने परदेशी बायकांच्या खोल्या दाखवल्या. पांढरी कपाटं, काचेच्या बरण्यांत रंगवार बटणं, भिंतीला खिळे मारलेली फळी आणि तिच्यावर ओळीने टांगलेल्या कात्र्या. दिसायला छानच आहेत. पण त्या खोल्यांत एकाच बाईचा एकच छंद राहतो. माझ्याकडे कापड आहे, कागद आहे, वाकळ आहे, आणि या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. कागदाला वारा नको. मशीनवर बसलं की पंख्याशिवाय जीव जातो. वाकळीला अख्खी जमीन लागते. सगळं एका वेळी मांडायचं म्हटलं तर तीन खोल्या हव्यात. वेळा वाटून दिल्या की चौबाऱ्यामागच्या जुन्या घरातली ही दहा बाय चौदाची मधली खोली पुरते.

नऊ

गिऱ्हाइकं येऊ लागतात. माप घ्यायचं आणि कापायचं ते याच वेळात, कारण पूर्वेच्या दारातून ऊन आत येतं आणि काळा कुठला, गडद निळा कुठला ते ओळखू येतं. ट्यूबच्या उजेडात अस्तर जुळवणाऱ्याला मी हात जोडते.

दारात तीन भाषा असतात. शेजारच्या गल्लीतली येते ती "आपा, ब्लाउज हुआ क्या?" म्हणत. हुमनाबादकडची सून "अक्का, आयता?" म्हणते. औरादची म्हातारी सरळ आत येऊन बसते, "काय करूलालीस गं?" गिऱ्हाइकाला त्याच्याच भाषेत उत्तर द्यावं हे सासूने शिकवलं. उधारी मात्र मराठीतच मागते.

मापाच्या वहीवरून पूर्वी घोळ व्हायचे. हाताखाली शिकायला येणारी मुलगी कन्नड शाळेची. 'मुंढा' लिहिलं तर तिला वाचता येत नाही, तिने लिहिलं तर मला. आता प्रत्येक पानावर ब्लाउजचं छोटं चित्र काढते आणि आकडे त्या-त्या जागी मांडते : छातीला छातीचा, मुंढ्याला मुंढ्याचा, गळ्याचे पुढचा नि मागचा. कुणीही वाचावं.

साडीतला पीस बहुधा 80 सेंटिमीटरचा. भरल्या अंगाच्या बाईला कोपरापर्यंत बाही हवी असली की तो पुरत नाही. हे कात्री लावायच्या आधी बोलून घ्यावं लागतं. कापून झालं की तुकडे, अस्तर, हुक आणि कापडाचीच चिठ्ठी एका थैलीत. एका बाईची एक थैली. थैल्या दाराच्या मागच्या खुंट्यांवर, देण्याच्या वारानुसार. खोलीत कपाट म्हणावं असं एवढंच.

आणि कात्र्या. कापडाच्या कात्रीच्या मुठीला लाल दोरा बांधलेला आहे. लाल दोऱ्याची कात्री कागदाला लावायची नाही, दुधाच्या पिशवीला तर नाहीच नाही. कागद पात्याची धार खातो, मग कापड कापलं जात नाही, चावलं जातं. घरातली पुरुष माणसं हे ऐकून घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच कात्रीने कुरिअरचं खोकं उघडतात.

अकरा

आता पंखा आणि मशीन. पायाचं जुनं काळं मशीन आहे, त्याला नंतर मोटर बसवली. पण पट्टा आणि पायटा काढला नाही. वीज गेली की मोटरचा पट्टा उतरवायचा, चामड्याचा चढवायचा आणि पाय मारायचा. दिवाळीच्या तोंडावर वीज आली नाही म्हणून गिऱ्हाईक थांबत नसतं.

शिवण्याला क्रम असतो. आधी साऱ्या ब्लाउजांचे टक्स, मग साऱ्यांचे खांदे, मग बाह्या. एकच ब्लाउज शेवटपर्यंत नेला तर दर वेळी रीळ बदला, बॉबिन बदला, यात वेळ जातो. एका रंगाची कामं एकापाठोपाठ घेतली की हात चालतो. रिळं म्हणूनच कोनाड्यात रंगाने लावलेली आहेत. पांढरी आणि काळी हाताशी, राणी आणि मोरपंखी त्यांच्यामागे, सगळ्यात मागे तो पोपटी, जो एकदा कुणीतरी हौसेने मागितला होता.

दीड

जेवण. भाकरी, वांगं, ठेचा. मशीन भिंतीकडे सरकवायचं, जमीन झाडायची, मग ओल्या फडक्याने पुसायची. वाकळीत केर शिवला गेला तर तो जन्मभर टोचतो.

दोन ते साडेचार

दिवसातला माझा आवडता वेळ हाच. वाकळ पसरली की खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. चारी कोपऱ्यांवर दगड. खाली मऊ सुती पातळ, ते अंगाला लागतं. मध्ये विरलेलं, फाटकं, जे एरवी फेकलं असतं ते. वर जरा दमाचं. कडेला जमल्यास इरकलीचा काठ, कारण काठ झिजत नाही. एका मोठ्या वाकळीत चार-पाच पातळं सहज जिरतात. कानडी शेजारणी हिला कौदी म्हणतात आणि त्यांच्या नि आमच्या शिवण्यात तसूभर फरक नाही.

टाका धावदोऱ्याचा. सुरुवात कडेपासून. कडेने पूर्ण फेरी, मग तिच्या आत दोन बोटं सोडून दुसरी, असं आत-आत जायचं. डावा तळवा सतत कापडावरून फिरता हवा. तो खालच्या थरातली सुरकुती मध्याकडे ढकलत नेतो. घाई केली तर ती सगळी ढकललेली सुरकुती शेवटी मध्यावर फुग्यासारखी उभी राहते आणि मग उसवण्याशिवाय इलाज नाही. चौघी बायका चार बाजूंनी बसल्या की काम भरभर होतं, मात्र प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. जाणकार बाई वाकळ उलटी करून सांगते, ही बाजू कुणाची.

मशीनवर का नाही, असं नवीन मुली विचारतात. एक तर इतका जाड गठ्ठा मशीनच्या हाताखालून जात नाही. दुसरं, जुनं कापड मशीनच्या बारीक टाक्याच्या रेषेवर फाटतं. हाताचा टाका सैल असतो, धुण्यात ओढ बसली तर सोसतो.

खरी अडचण हाताची नाही, कापडाची आहे. घरोघरी आता सिंथेटिक साड्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, घाम पीत नाहीत आणि थराखाली घातल्या तर सरकतात. सुती जुनेर मिळवायला मला उदगीरला बहिणीला सांगावं लागतं. 1956 पर्यंत उदगीर आमच्याच जिल्ह्यात होतं. राज्यांची फेररचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद, औराद बीदरबरोबर म्हैसूर राज्यात आले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात. माणसं तिथल्या तिथे राहिली, पाट्या बदलल्या. बहिणीची गाठोडी मात्र अजूनही एसटीच्या टपावरून येतात.

वाकळीला आता बाहेर मान आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर देखणं पुस्तक केलं. आपल्या कर्नाटकातच हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी करतात. तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांचं फूल लावतात. अमेरिकेत अलाबामाच्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतातल्या कामाच्या कपड्यांपासून केलेल्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. ते फोटो पाहिले तेव्हा शेजारीण म्हणाली, "भिंतीवर? मग पांघरायला काय घेतलं त्यांनी?" मला तिचा प्रश्न रास्त वाटला.

पाच

चहा घेऊन बाजारात. चौबाऱ्याचा गोल बुरूज ओलांडून, रिळं, हुक, कागद. या दिवसांत कागदवाल्याकडे लाल आणि पिवळा आधी संपतो, कारण 1 नोव्हेंबरच्या राज्योत्सवाच्या पताका शाळांना त्याच रंगात लागतात. कंदील आणि पताका एकाच गठ्ठ्यातून जातात. मी आश्विन लागला की दोन्ही रंग उचलून ठेवते, गादीखाली सपाट. गुंडाळी करून ठेवलेला कागद उलगडला तरी वळ विसरत नाही.

वाटेत बिदरीची दुकानं लागतात. 2023 मध्ये आपल्या गावच्या शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून फोटो काढणारे वाढलेत. मी कारागिराच्या हातापेक्षा त्याची बैठक बघते. तो जमिनीवर, भांडं समोर आणि छिन्न्या अर्धगोलात, प्रत्येकीपर्यंत हात न उठता पोचतो. ते बघूनच मी छातीच्या वर लावलेली फळी काढून टाकली. रोज लागणारी वस्तू बसल्या जागी मिळाली पाहिजे. वर्षातून एकदा लागणारी बेगड, बाशिंगाचे साचे, मोत्यांच्या सरी माळ्यावर गेल्या तरी चालतात.

साडेसात

टीव्ही चालू असतो, मी बघत नाही, ऐकते. हे तुरपाईचं, हुक-काजाचं काम. मुलीच्या जातीला हुक लावता आले की निम्मं शिवणकाम आलं, असं सासूबाई म्हणायच्या. मला तसं वाटत नाही. हुक कुणालाही लावता येतात, गळा बसवणं कठीण. नातू काड्या मोजून चोवीसच्या जुड्या करतो आणि एक जुडी हमखास तेविसाची निघते.

नऊ

लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरवायचं. टाचण्या, तुटकी सुई, हुक सगळं त्याला चिकटून येतं. या खोलीत रात्री अंथरुणं पडतात, म्हणून यात हयगय नाही. मग कात्रणांची निवड : वीतभरापेक्षा मोठं सुती वाकळीच्या पोत्यात, काठाचे तुकडे वेगळे, सिंथेटिक उशांत भरायला.

आज एक काम वरचं आलंय. मेलबर्नच्या भाचीला कंदील हवाय. तयार कंदील घडी होत नाही आणि तिकडे बांबू तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. तेव्हा काड्या तिने तिकडेच बघायच्या, सरबताच्या कागदी नळ्याही चालतील, फक्त चोवीसच्या चोवीस सारख्या हव्यात. इथून कागद जाईल. हैदराबादहून पुढच्या आठवड्यात कुणी निघालंय, त्याच्याकडे पाकीट द्यायचं. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा, म्हणजे चार चौकोन, आठ त्रिकोण, प्रत्येकाला अर्धा इंच चिकटवायला जास्त, आणि शेपट्या वेगळ्या. नळी आठ इंचाची धरून कापू का नऊ, ते विचारायला तिला फोन लावला, तर तिकडे पहाटेचे अडीच.