रूळ सरळ, अंदाज वाकडा

‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ ही जाहिरात वाचून आमच्या कल्याण-डोंबिवली भागात कितीतरी संसार थाटले गेले. ती पाच मिनिटे कोणाच्या पायांची, भर पावसातली की कोरड्या रस्त्यावरची, मोकळ्या हाताने की भाजीची पिशवी सांभाळीत, याचा खुलासा मात्र कोणतीही जाहिरात करीत नाही. अर्धा किलो वाटाणे घेताना आपण तराजूच्या काट्यावर डोळे रोखून उभे राहतो. पण मिनिटे आणि मीटर कोणी कसेही मोजून द्यावेत नि आपण निमूटपणे पदरात घ्यावेत, अशी आपली रीत आहे!

मी मोहन्याला राहतो. उल्हास नदीकाठचे हे गाव. जवळचे स्टेशन आंबिवली. माझी नात यंदा अकरावी शास्त्र शाखेत गेली आणि तिच्या पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाला मापन आणि सरळ रेषेतील गती या प्रकरणांनी आरंभ झाला. एके दिवशी तिने विचारले, “आजोबा, पुस्तकात प्रत्येक उत्तरापुढे अधिक-उणे कशाला लिहितात हो? बरोबर उत्तर एकच असायला नको का?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. मी म्हटले, “चल, आगगाडीलाच विचारू.”

सरळ रेषेतील गती शिकवायला आगगाडीसारखा गुरू नाही. तिला डावे-उजवे ठाऊक नाही; पुढे किंवा मागे, एवढेच तिचे जग. रूळ कुठे वळले तरी ‘मुंबईपासून किती किलोमीटर’ या एका आकड्यात तिचा सारा पत्ता सांगता येतो. आंबिवलीचा आकडा सुमारे ६० आहे. चाकरमानी माणूस सकाळी ६० किलोमीटर जातो आणि संध्याकाळी ६० किलोमीटर परत येतो. कापलेले अंतर १२०, पण विस्थापन शून्य! दिवसभर घाम गाळून माणूस होता तिथेच राहतो, हे शास्त्रानेच सिद्ध केले म्हटल्यावर नात खुदकन हसली.

मग आम्ही टिटवाळ्यापुढे निघालो. तिकडे स्टेशने लांब लांब आहेत, त्यामुळे गाडीला मोकळेपणी धावता येते. रुळांकडेच्या विजेच्या खांबांवर पाट्या असतात. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा खांबाच्या क्रमाचा. वरचा आकडा बदलला की नातीने घड्याळ पाहावे, पुन्हा बदलला की पुन्हा पाहावे, असे ठरले. वाचकहो, हा खेळ दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन जरूर करून पाहा. खर्च तिकिटापुरताच आहे.

समजा, एक किलोमीटरला ५० सेकंद लागले. म्हणजे वेग ताशी ७२ किलोमीटर. पण खांब नेमका समोर आला तो क्षण आणि सेकंदकाट्यावर नजर गेली तो क्षण, यांत एखाद्या सेकंदाची फारकत होतेच. सुरुवातीला एक, शेवटी एक. म्हणजे खरा वेळ ४८ ते ५२ सेकंदांत कुठेही असेल आणि वेग ६९ ते ७५ मध्ये. तेव्हा प्रामाणिक उत्तर ‘७२’ नव्हे, ‘७२, अधिक-उणे ३’ असे आहे. हे अधिक-उणे म्हणजे अडाणीपणाची कबुली नव्हे. आपल्याला किती कळले आहे, याची ती पावती आहे.

आता याच वेगाने पाच किलोमीटर मोजले, तर २५० सेकंद भरतील. चूक मात्र त्याच दोन सेकंदांची राहील. उत्तरातली शंका अर्ध्या किलोमीटरच्या आसपास उतरते. “मग नेहमी लांबचेच मोजावे!” नात म्हणाली. पण तिथेही मेख आहे. पाच किलोमीटरांत गाडी कुठे रेंगाळली, कुठे सुसाट सुटली, हे सरासरीच्या पोटात गडप होते. याच क्षणीचा वेग हवा तर अंतर लहान घ्यावे लागते. समजा, ६० मीटरवरचे दोन खांब धरले. त्यांच्यामध्ये गाडीला लागणार तीन सेकंद, आणि आपली शंका दोन सेकंदांची. हिशेब केला तर वेग ताशी ४३ पासून २१६ पर्यंत काहीही! म्हणून क्षणाचा वेग टिपायला क्षणाहून बारीक घड्याळ लागते.

सगळ्या चुका मात्र एका जातीच्या नसतात. घड्याळ तीन मिनिटे पुढे असेल, तर निघण्याची वेळही तीन मिनिटांनी चुकते आणि पोहोचण्याचीही. वजाबाकी केली की प्रवासाचा वेळ बरोबर निघतो. मुंबईने १९५५ पर्यंत स्वतःची निराळी वेळ जपली होती, भारतीय प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे. त्या घड्याळाने ऑफिस चुकले असते. पण गाडीचा वेग मोजण्यात काडीचाही फरक पडला नसता.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. वेळ किती लागला? काही ठिकाणी ५७ मिनिटे छापलेली आढळतात, तर काही ठिकाणी सव्वा तास. पहिल्या आकड्याने सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर येतो, दुसऱ्याने २७. आता घड्याळ वाचण्यात एक-दोन मिनिटे इकडेतिकडे होतील. अठरा मिनिटे कशी होणार? फरक शंकेच्या मर्यादेबाहेर गेला की ‘थोडे इकडेतिकडे’ म्हणून सोडून द्यायचे नसते. दोघांनी एकच गोष्ट मोजली होती का, वाटेतला थांबा धरला होता का, असे विचारायचे असते. अधिक-उणे लिहिण्याचा हा मोठा फायदा: कुठे गप्प बसावे आणि कुठे प्रश्न विचारावा, ते कळते.

इथवर हा खेळ झाला. पण याच रुळांवर माणसे रोज जिवावर बेतणारे मापन करतात, तेही घड्याळाशिवाय. पूल चढायचा कंटाळा आला की एक नजर टाकायची, “गाडी लांब आहे” म्हणायचे आणि रुळांत उतरायचे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाकाठी हजाराहून अधिक माणसे जिवाला मुकतात. त्यांत रूळ ओलांडणाऱ्यांचा वाटा फार मोठा असतो.

समोरून येणारी गाडी डोळ्याला धावताना दिसत नाही. ती फक्त हळूहळू मोठी होते. लोकलचा डबा साडेतीन मीटरहून थोडा अधिक रुंद. चारशे मीटरवर तो डोळ्याला पौर्णिमेच्या चंद्राएवढा भासतो. चंद्र किती जवळ आला, हे नुसत्या नजरेने कोण सांगणार? ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. गाडी चारशे मीटरवर आहे असे वाटले, तर हाती १६ सेकंद आहेत असा हिशेब होतो. ती प्रत्यक्षात अडीचशेवर असेल, तर दहाच. दोन मार्ग ओलांडायला, खडीतून, चपला सावरीत, बारा सेकंद सहज लागतात. इथे अधिक-उणे सहा सेकंद हा कागदावरचा आकडा राहत नाही.

आणि मोटरमनने ब्रेक लावला तर? दर सेकंदाला वेग सेकंदी ०.८ मीटरने कमी होतो असे धरले, तरी गाडी थांबायला सुमारे ३९० मीटर लागतात. बारा डब्यांची अख्खी लोकल अडीचशे मीटरच्या आसपास भरते. म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दीडपट अंतर तिला नुसते थांबायला हवे. शिवाय वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. मोटरमनची इच्छा कितीही असो, गणित त्याचेही ऐकत नाही.

नातीने वहीत शेवटी एक उदाहरण स्वतःचे घातले. पुलावरून पलीकडे जायला किती वेळ लागतो? उत्तर: तीन मिनिटे, अधिक-उणे एक. माझ्या गुडघ्यांसाठी तिने अधिककडे थोडी सवलत ठेवली आहे. या उत्तरात शंका टक्केवारीने बरीच मोठी आहे, पण माणूस पलीकडे पोहोचतो याविषयी मात्र मुळीच नाही.